कात्री स्थिर, कागद फिरता

परदेशी मुक्कामात एका सभागृहात जपानी कागदकामाचं प्रदर्शन पाहिलं. भिंतीवर ‘किरिए’ची चित्रं. काळ्या कागदातून चाकूने कोरलेली, सगळ्या रेषा एकमेकींचा हात धरून उभ्या. एकीने हात सोडला की चित्र गळालंच! आमच्या वाड्यातल्या जावांना हे दाखवायला हवं होतं. परंतु काचेवर दिवा असा पाडला होता, की मला बहुतेक चित्रांत माझंच टक्कल दिसलं.

शेजारी ‘कामिकिरी’चं प्रात्यक्षिक. हा ‘योसे’ नाट्यगृहांतला खेळ. प्रेक्षकांनी फर्माईश करायची आणि कलावंताने काही न रेखाटता, डुलत, गप्पा मारत ती कापायची. गंमत म्हणजे कात्री जवळजवळ स्थिर, फिरतो तो कागद! योसेत साथीला शामिसेन असते. इथे होता दुभाष्या. त्यामुळे हत्ती कापून झाल्यावर लोक मघाच्या सशाला हसत होते. अर्धी कला अशी वाटेतच सांडली. आयोजकांनी एवढा खर्च केला, त्यात थोडी शामिसेन बसवायची होती!

मी गणपती मागितला. दोन-तीन मिनिटांत हातात आला, डाव्या सोंडेचा. भिंतीवरची थोर चित्रं मी विसरलो, हा मात्र जपून घरी आणला. बायकोने पालथा धरला, तर सोंड उजवी! म्हणजे कडक सोवळ्याचा.

तेव्हापासून दर संकष्टीला आमच्याकडे आधी बाजू तपासतात.