चाहत्याचे मत आणि समीक्षा : ‘वांडाव्हिजन’ व तदनुषंगिक मालिकांच्या निमित्ताने

हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध होणाऱ्या कथेचा आस्वाद हा सलग वाचलेल्या कथेच्या आस्वादाहून प्रकृतीनेच भिन्न असतो. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः प्रसिद्ध होत असत, तेव्हाच्या वाचकाला दोन अंकांमधील काळ रिकामा जात नसे. त्या काळात तो पात्रांविषयी बोले, पुढे काय घडेल याचे तर्क करी, घडले त्याचा न्यायनिवाडाही करी. कथा अपुरी असतानाच तिच्याविषयीचे मत मात्र तयार होऊ लागे. अमेरिकेतील सुपरहीरो-मालिकांच्या अलीकडील भागांविषयी त्यांच्या चाहत्यांनी जी मते मांडली, ती याच मधल्या काळात जन्मलेली आहेत. या मतांना समीक्षा म्हणता येईल काय, आणि म्हणता येत नसेल तर ती समीक्षेच्या कोणत्या मर्यादेपर्यंत येऊन थांबतात, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

प्रथमतः चाहता आणि सामान्य प्रेक्षक यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. सामान्य प्रेक्षकापुढे असतो तो पडद्यावरील भाग. चाहत्यापुढे त्या भागाबरोबरच त्यामागील सगळा संभार उभा असतो. वांडा मॅक्सिमॉफ हे पात्र मार्व्हल प्रकाशनाच्या चित्रकथांत प्रथम अवतरले ते १९६४ साली, आणि व्हिजन हा मानवसदृश यंत्रपुरुष १९६८ साली. या दोघांचा विवाह, त्यांची जुळी मुले, त्या मुलांचा नाश, असा त्यांच्या कथेचा विस्तार पुढील दशकांत होत गेला. २००८ पासून निघालेल्या परस्परसंबद्ध चित्रपटांनी त्यात आणखी भर घातली. हा सारा इतिहास चाहत्याला मुखोद्गत असतो. म्हणजे सुपरहीरो-मालिकेचा चाहता हा मूलतः स्मृतिसंपन्न प्रेक्षक होय. त्याच्या मताचे सामर्थ्य या स्मृतीत आहे, आणि त्याच्या मताचा दोषही, पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, या स्मृतीतूनच उद्भवतो.

या दोहोंचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘वांडाव्हिजन’ ही मालिका. जॅक शेफर यांनी रचलेल्या आणि मॅट शॅकमन यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेचे नऊ भाग आहेत. पहिले दोन १५ जानेवारी २०२१ रोजी एकत्र आले. उरलेले दर आठवड्यास एक याप्रमाणे ५ मार्चपर्यंत प्रसिद्ध झाले. २०१८ च्या चित्रपटात मृत्यू पावलेला व्हिजन येथे वांडासह न्यू जर्सीतील वेस्टव्ह्यू नावाच्या गावी संसार करताना दिसतो. प्रत्येक भाग अमेरिकी दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक विनोदी मालिकांच्या एकेका दशकाची धाटणी उचलतो. पहिला भाग १९५०-६० च्या वळणाचा, कृष्णधवल आणि प्रेक्षकांच्या हास्याने भरलेला आहे. तिसऱ्यापर्यंत रंग येतात, सातव्यात पात्रे कॅमेऱ्याकडे पाहून मनोगते सांगू लागतात. चौथा भाग या विनोदी जगाच्या बाहेर पडून दाखवितो की, हे गाव एका मायावी कुंपणात कोंडले गेले असून आतील माणसे खरीखुरी आहेत.

या मालिकेच्या मध्यंतरी येणाऱ्या जाहिराती पाहाव्यात. पहिल्या भागात स्टार्क कंपनीच्या टोस्टरची जाहिरात आहे. दुसऱ्यात स्ट्रकर नावाच्या घड्याळाची, तिसऱ्यात हायड्रा हे नाव धारण करणाऱ्या स्नानचूर्णाची, पाचव्यात लागोस नावाच्या कागदी टॉवेलांची. सामान्य प्रेक्षकाला यात जुन्या जाहिरातींचे विडंबन दिसेल आणि तो हसून पुढे जाईल. चाहत्याला मात्र ठाऊक असते की, वांडाच्या आईबापांचा बळी घेणारा तोफगोळा स्टार्क कंपनीचा होता. स्ट्रकर आणि हायड्रा ही तिच्यावर प्रयोग करणाऱ्यांची नावे आहेत. आणि २०१६ च्या चित्रपटात लागोस शहरी तिच्या हातून निरपराध माणसे दगावली होती. टोस्टरवरील लुकलुकणारा तांबडा दिवा त्या कृष्णधवल भागात एकटाच रंगीत का आहे, याचे उत्तर ज्याला ही स्मृती आहे त्यालाच मिळते. विडंबनाच्या आवरणाखाली एका स्त्रीच्या आघातांची क्रमवार यादी येथे मांडलेली आहे. मालिका चालू असतानाच चाहत्यांनी ही संगती लावली, आणि ती अचूक होती. अंशाकडे इतके सूक्ष्म लक्ष देणारा आस्वादक कोणत्याही वाङ्मयप्रकाराला भाग्यानेच मिळतो. येथपर्यंत चाहत्याचे मत समीक्षेच्या पंक्तीला बसण्यास पात्र आहे.

परंतु याच स्मृतीने चाहत्याला दुसऱ्या एका वाटेने नेले. १९८९ मधील चित्रकथांत वांडाच्या जुळ्या मुलांचा संबंध मेफिस्टो नामक सैतानसदृश पात्राशी जोडलेला आहे. दुसऱ्या भागात सैतानाचा ओझरता उल्लेख करणारे एक संभाषण आले, शेजारीण ॲग्नेसचे वागणे संशयास्पद वाटू लागले, आणि या सगळ्याचा सूत्रधार मेफिस्टो असून तो केव्हातरी प्रकट होणार, असा तर्क चाहत्यांत रूढ झाला. प्रत्येक नवा भाग आला की त्यात मेफिस्टोची खूण कोठे आहे, हे शोधले जाई. शेवटपर्यंत मेफिस्टो आला नाही, आणि अनेकांनी त्या न येण्याचाच दोष मालिकेच्या पदरी घातला.

हा तर्क चुकला, एवढ्यापुरताच हा विषय असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. तर्क चुकणे हा अपराध नव्हे. विचारात घेण्यासारखी गोष्ट ही की, हा तर्क मालिकेच्या गाभ्याच्या नेमका विरुद्ध दिशेने जाणारा होता. आठव्या भागात वेस्टव्ह्यूच्या मायेचे मूळ उलगडते. युद्धग्रस्त सोकोव्हियात वांडाचे कुटुंब रात्री एकत्र बसून जुन्या अमेरिकी विनोदी मालिका पाहत असे. अशाच एका रात्री घरावर गोळा पडला आणि आईबाप गेले. पुढे भाऊ गेला. नंतर व्हिजन गेला, तोही प्रथम तिच्याच हाताने. व्हिजनने दोघांच्या संसारासाठी घेऊन ठेवलेल्या मोकळ्या जागेवर ती उभी राहिली, तेव्हा तिच्या शोकातून ते घर, तो नवरा आणि ते गाव उभे राहिले. घरात शेवटचे सुख नांदत होते त्या क्षणी जे दृश्य पडद्यावर चालू होते, तेच तिने आपल्या संसाराचे रूप म्हणून निवडले. विनोदी मालिकांची धाटणी ही रचनाकारांची हौस नसून नायिकेच्या दुःखाचा आकार आहे, असे येथे सिद्ध होते. आणि त्याचबरोबर दुसरी, अधिक कठोर गोष्टही सिद्ध होते : गावातील माणसांना कोंडून ठेवणारी वांडाच आहे. ॲग्नेस, म्हणजेच अगाथा हार्कनेस, हिने या मायेत ढवळाढवळ केली. माया तिने निर्माण केलेली नाही.

आता या कथेत मेफिस्टो आणून पाहावा. तो येताच वांडा निर्दोष ठरते. तिचा शोक हे कारण न राहता निमित्त होते, आणि गावकऱ्यांच्या यातनांचा भार एका शिंगाड्या खलपुरुषाच्या माथी जातो. ज्या प्रश्नाने या मालिकेला नेहमीच्या सुपरहीरो-कथेच्या पलीकडे नेले, म्हणजे प्रेमातून उपजलेले दुःखही दुसऱ्यावर जुलूम करू शकते काय, तो प्रश्नच नाहीसा होतो. चाहत्याला नायिका प्रिय होती. म्हणून तिचा अपराध दुसऱ्याच्या नावे मांडणारा तर्क त्याला आवडला, असे म्हटल्यास ते अन्यायाचे होणार नाही.

पिएत्रोच्या प्रकरणी मात्र चाहत्यांच्या तक्रारीत तथ्यांश आहे. पाचव्या भागाच्या अखेरीस वांडाचा मृत भाऊ दारात उभा राहतो. पण ॲरन टेलर-जॉन्सन यांच्याऐवजी ही भूमिका करतात इव्हान पीटर्स, ज्यांनी २०१४ पासून फॉक्स कंपनीच्या एक्स-मेन चित्रपटांत तेच पात्र रंगविले होते. डिस्नेने २०१९ मध्ये फॉक्सचे चित्रपट-व्यवसाय विकत घेतले असल्याने दोन कथाविश्वे आता एकत्र येणार, असा अर्थ चाहत्यांनी लावला. शेवटी हा इसम गावातलाच एक साधा रहिवासी निघाला, आणि त्याच्या आडनावावरील एका ग्राम्य विनोदावर प्रकरण मिटले. येथे अपेक्षा चाहत्याने बाहेरून लादलेली नव्हती. नटाच्या निवडीने ती मुद्दाम जागविली होती. प्रेक्षकाच्या स्मृतीला आवाहन करावयाचे आणि तिने प्रतिसाद देताच तिची थट्टा करावयाची, हा रचनेचा दोष होय. जाहिरातींच्या बाबतीत स्मृतीचे चीज झाले. पिएत्रोच्या बाबतीत ते झाले नाही.

तथापि या तक्रारीच्या गलबल्यात शेवटच्या भागातील एक फार मोठे वैगुण्य पुष्कळांच्या नजरेतून निसटले. त्या भागात भानावर आलेले गावकरी वांडाभोवती जमतात. झोपेतही तिचीच दुःस्वप्ने आपल्याला पडतात, असे सांगून सुटकेसाठी गयावया करतात. प्रसंग विलक्षण दाहक आहे. परंतु माया विरल्यावर मोनिका रॅम्बो वांडाला सांगते ते असे की, तिने काय त्यागले हे या लोकांना कधीच कळणार नाही. छळ सोसणाऱ्यांच्या बाजूने उभा राहिलेला प्रश्न या एका वाक्याने छळ करणारीच्या त्यागात विरघळून जातो. आकाशातील मायावी युद्धाने भागाचा बराच अवकाश व्यापल्यामुळे त्या गावकऱ्यांना पुन्हा बोलण्यास जागाही उरत नाही. मालिकेची खरी परीक्षा येथे होती, आणि येथे ती डगमगली. मेफिस्टो का आला नाही, असे विचारणाऱ्याला गावकऱ्यांचे पुढे काय झाले हे विचारण्यास फुरसत राहिली नाही.

अभिनवगुप्ताने रसप्रतीतीची जी सात विघ्ने सांगितली आहेत, त्यांपैकी दोन येथे आठवतात. एक अप्रधानता : गौण वस्तूने प्रधान वस्तूची जागा घेणे. दुसरे, प्रेक्षकाने स्वतःच्या सुखदुःखात विवश होणे. मेफिस्टोचा शोध हे पहिल्याचे उदाहरण. आपला तर्क फसल्याचे दुःख हे कथेतील दुःखापेक्षा मोठे वाटणे, हे दुसऱ्याचे. काव्याच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला तो सहृदय, असे तोच सांगतो. चाहत्याजवळ अभ्यास भरपूर आहे. पण त्या आरशात तो अधूनमधून आपलीच अपेक्षा पाहत राहतो.

तर्क खरा ठरला असता तर मत आपोआप श्रेष्ठ ठरले असते काय? याचे उत्तर ‘अगाथा ऑल अलाँग’ या २०२४ मधील मालिकेने दिले आहे. तिच्यातील रिओ ही चेटकीण म्हणजे साक्षात मृत्यू असावी, असे चाहत्यांनी आधीच ताडले होते, आणि सातव्या भागात ते खरे निघाले. तरीही तो भाग फिका पडला नाही. कारण त्याचा विषय रिओ कोण हा नसून लिलिया काय करणार हा आहे. ही वृद्ध भविष्यवेत्ती मागील भागांत मधूनच असंबद्ध बोलत असे. या भागात कळते की, तिचे आयुष्य तिला क्रमाने अनुभवास येतच नाही, आणि ते विस्कळित उद्गार एकाच जीवनाचे इतस्ततः विखुरलेले तुकडे आहेत. ते तुकडे जुळतात त्याच घटकेला ती सोबतिणींना वाचवून आपला मृत्यू डोळसपणे पत्करते. रिओविषयीचे रहस्य आधी कळल्याने या प्रसंगाचे काहीच उणे होत नाही. ज्या भागाचा जीव केवळ रहस्यात असतो तो तर्काने मरतो. ज्याचा जीव पात्राच्या निवडीत असतो त्याला तर्क स्पर्श करीत नाही.

चाहत्याच्या मताचा परिणाम निर्मितीवर कसा होतो, हे ‘शी-हल्क’ या २०२२ मधील मालिकेत दिसते. जेनिफर वॉल्टर्स या वकील नायिकेचा द्वेष करणाऱ्या पुरुषांची एक टोळी तिच्यात खलस्थानी आहे. शेवटच्या भागात तर नायिका कथेच्या चौकटीतून बाहेर पडून लेखकांच्या खोलीत शिरते आणि ठरीव शेवट बदलून मागते. उपहास मार्मिक आहे. पण आठव्या भागात भर समारंभात तिची जी विटंबना झाली, तिचे शल्य या चातुर्यापुढे मागे पडते. कृती प्रेक्षकाला उत्तर देण्यात गुंतली की पात्राला द्यावयाचे उत्तर राहून जाते. म्हणजे जो दोष चाहत्याचा, तोच येथे रचनेत उतरला आहे.

तेव्हा चाहत्याच्या मताला समीक्षेने तुच्छ लेखण्याचे कारण नाही. त्याच्याइतके बारकाईने पाहणारा आणि पाहिलेले जपून ठेवणारा दुसरा प्रेक्षक नाही. जाहिरातींचा अर्थ विद्यापीठांतील अभ्यासकांच्या आधी त्याने लावला. समीक्षेने त्याच्याकडून हे अवधान घ्यावे. मात्र पुढे काय घडेल या प्रश्नापाशी चाहता थांबतो, आणि जे घडले त्याचा अर्थ काय व त्याची किंमत कोणी मोजली, या प्रश्नापासून समीक्षेचे काम सुरू होते. वेस्टव्ह्यूच्या गावकऱ्यांचे गाऱ्हाणे ज्या मताला ऐकू येईल, ते मत चाहत्याचे असले तरी समीक्षाच होय.