पलटणीतला महार आणि चवदार तळे

आंजी (मोठी) परिसरातल्या स्वातंत्र्यसैनिकांची माहिती माझे विद्यार्थी जमवतात, तेव्हा सुरुवात १९४२ च्या आष्टीपासून करतात. ते ठीकच. पण पलटणीत गेलेल्या महाराचे नाव निघाले की वही मिटते. तो इंग्रजांचा चाकर! ही फूटपट्टी कोणाची?

१८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट विलायत सरकारकडे अर्ज केला. युद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा कुठे, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२१ मध्ये मोडली. गरज सरो, वैद्य मरो. ज्याला गावच्या विहिरीवर दोर टाकता येत नाही, त्याच्या ‘स्वखुशीच्या’ भरतीचा अर्थ आमचे इतिहासकार कसा लावतात?

२० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायलेल्यांत महायुद्ध पाहिलेले जवान होते. सवर्णांच्या हल्ल्यानंतर त्यांचे हात शिवशिवले, बाबासाहेबांनी आवरले. लष्करी दप्तरात या माणसाला हुद्दा आहे, महाडच्या वर्णनात तो नुसता ‘जमाव’. आणि तुरुंगाचा दाखला मागणाऱ्या स्वातंत्र्याच्या व्याख्येत तर तो बसतच नाही. जणू जातीविरुद्धचा लढा परक्या देशात झाला!

विद्यार्थ्यांना मी आता सांगतो: म्हाताऱ्यांना पदकाविषयी जरूर विचारा. पण पलटणीतून परतल्यावर त्या माणसाने मेलेले ढोर ओढायचे सोडले का, हेही वहीत लिहा.