अजिंठा ‘जगातला पहिला स्टोरीबोर्ड’ आहे का?

“अजिंठा म्हणजे जगातला पहिला स्टोरीबोर्ड.” हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. आमच्या छत्रपती संभाजीनगरात तर सिनेमावर सेमिनार असला की कुणीतरी ते म्हणतंच, आणि टाळ्याही पडतात. माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात ते पहिल्याच ओळीत होतं. गाइडनी शेजारी पेन्सिलने दोनच शब्द लिहिले: “कोण बघतं?” खरं सांगायचं तर राग आला होता, कारण अख्खं पहिलं प्रकरण त्या वाक्यावर उभं होतं. पण प्रश्न बरोबर होता.

स्टोरीबोर्ड कोण बघतं? प्रेक्षक नाही. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला डिस्ने स्टुडिओत चित्रं टाचणीने फळ्यावर लावायची पद्धत रुळली, ती आतल्या माणसांसाठी. एखादं चित्र काढा, पुढे-मागे सरकवा, गोष्ट जमते का बघा. जाहिरातीत तर एकाच फिल्मचे दोन बोर्ड होऊ शकतात. एजन्सीचा बोर्ड क्लायंटला पटवायला असतो: रंगीत, नीटनेटका, हातातला पॅक ठळक. मग दिग्दर्शकाचा शूटिंग बोर्ड: भराभर काढलेल्या रेघा, कॅमेरा कुठून कुठे जाणार त्याचे बाण, शॉटचे नंबर. चित्रकार तोच असला तरी हात बदलतो, कारण बघणारा बदलला. शूटिंग संपलं की त्या कागदाचं काम संपलं.

आता 17 नंबरच्या लेणीत, उजव्या भिंतीसमोर उभे राहा. सिंहलाची कथा आहे: फुटलेलं जहाज, राक्षसींचं बेट, पांढऱ्या घोड्यावरून सुटका, मागोमाग राजवाड्यात शिरलेली राक्षसी, शेवटी बेटावर स्वारी. चौकटी नाहीत. ‘आधी’ आणि ‘नंतर’ शेजारी शेजारी नांदतात. विद्या देहेजिया यांनी 1990 च्या लेखात बौद्ध कलेतल्या कथनाचे प्रकार वेगळे केले, त्यात अजिंठ्याच्या अशा भिंतींना त्या जाळं म्हणतात. प्रसंग काळाच्या ओळीत लागत नाहीत, डोळ्याला फिरून ते शोधावे लागतात. शूटिंग बोर्ड असा लावला तर सेटवर गोंधळच उडेल! शिवाय ही भिंत दुसऱ्या कशाची तयारी नाही. ती स्वतःच पूर्ण झालेलं काम आहे. म्हणजे तुलना दोन्ही बाजूंनी मोडते.

मग जवळचं काय? माझ्या मते कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी. इथे सुटी चित्रं असतात, त्यांचा क्रम ठरलेला असतो, आणि ठाकर कलाकार एकेक चित्र समोर धरून गात-सांगत कथा पुढे नेतो. (परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बऱ्याच जणांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.) क्लायंटसमोर एकेक फ्रेम दाखवत, मधले आवाजही तोंडाने काढत फिल्म ‘ऐकवणारा’ एजन्सीवाला आठवा. चित्र अर्धं, बोलणं अर्धं. अर्थात चित्रकथीसमोर बसलेला माणूस प्रेक्षकच असतो, त्यामुळे हीसुद्धा तुलना पुरती बसत नाही. पण ती कुठे मोडते ते तरी सांगता येतं.

‘पहिला’ या शब्दाचा मला खरा त्रास वेगळाच आहे. परंपरा दोन हजार वर्षांची झाली की आजचा बोर्ड काढणारा माणूस त्यात दिसेनासा होतो. त्याचं नाव बहुतेक वेळा श्रेयनामावलीत सापडत नाही, आणि कागदही उरत नाहीत. सत्यजित राय हे डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत काम करणारे चित्रकार. ‘पथेर पांचाली’साठी त्यांनी शाईने काढलेली चित्रवही त्यांनी स्वतः पॅरिसच्या सिनेमाथेकला दिली, तीही तिथून गहाळ झाली. 2016 मध्ये ती पुस्तकरूपाने आली ती प्रतींवरून. रायांची ही गत, तर मुंबईत रोजावर बोर्ड काढणाऱ्याचे कागद तुम्ही कुठे शोधणार?

माझं पहिलं प्रकरण मी नव्याने लिहायला घेतलंय. अजिंठा त्यात आता एका तळटीपेत आहे. तुमचा विषय याच्या आसपास असेल तर आरआरसीला जाण्याआधी मुलाखती सुरू करा, आणि पहिला प्रश्न शैलीचा नको. काढलेले बोर्ड शेवटी कुणाकडे राहिले, ते विचारा.