पाककृतीचा वाचक कोण?

साहित्याच्या समीक्षेने पाककृतीकडे वळावे काय, असा प्रश्न आपल्यातील काही मित्रांना पडेल. कविता, कथा, आत्मकथन यांचेच मूल्यमापन अजून पुरे झालेले नसताना हे चुलीपुढचे प्रकरण कशाला, असेही कोणी विचारील. माझे म्हणणे असे आहे की, पाककृती हीही एक संहिता आहे. तिला लेखक असतो, तिचा एक गृहीत धरलेला वाचक असतो आणि ती जे सांगते त्यापेक्षा अधिक ती न सांगता मानून चाललेली असते. 'दोन कांदे बारीक चिरून घ्या' या निरुपद्रवी वाक्यात एक घर आहे, एक चूल आहे, कांदे घेण्याइतका पैसा आहे आणि ते चिरणारे दोन हात आहेत. ते हात कोणाचे, हा प्रश्न आपण कथेला विचारतो. तो पाककृतीला का विचारू नये?

उदाहरणासाठी एकच पदार्थ घेतो. कामाच्या दिवशी रात्रीच्या जेवणाला करायचा झटपट, सायीचा, तिखट बीफ पास्ता. इंग्रजीत अशा पाककृती विपुल आहेत. पास्त्याची आणि मॅकरोनीची पाकिटे आता चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या तालुक्याच्या किराणा दुकानातही मिळतात. शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या आपल्या मुली या पाककृती वाचतात आणि करून पाहतात. म्हणजे हा प्रश्न परक्यांच्या स्वयंपाकघरापुरता राहिलेला नाही. या पाककृतीतले 'बीफ' हे नाव आणि 'झटपट', 'सायीचा', 'तिखट' ही तीन विशेषणे आपल्या समाजाच्या इतिहासाला लावून पाहिली तर काय दिसते, एवढेच मला येथे तपासायचे आहे.

प्रथम 'बीफ'. मूळ पाककृतीत हा शब्द कांदा, टोमॅटो यांच्या रांगेत उभा असतो. त्याला धर्म नसतो, जात नसते, पोलीस नसतो. तो फक्त अर्धा किलो असतो. मराठीत मात्र हा शब्द असा सहज उभा राहिलेला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' आले. १९७० साली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली आणि घराघरात गेली. या ग्रंथांनी मराठी गृहिणीला खूप दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण मराठी पाकशास्त्राच्या या मुख्य धारेने जी गृहिणी डोळ्यांपुढे ठेवली ती कोण होती? या धारेत मांस म्हणजे बोकडाचे मटण, कोंबडी, फार तर मासळी. ज्या मांसावर महाराष्ट्रातील कितीतरी घरांत सणवार आणि पाहुणचार झाला, त्याला या धारेत पान नाही. त्याचा निषेधही नाही. निषेध करायला आधी अस्तित्व मान्य करावे लागते.

बाजारातसुद्धा आपण त्याला नाव घेऊन हाक मारीत नाही. 'मोठ्याचं' म्हणतो, 'बडे का' म्हणतो. बाबूराव बागुलांनी १९६३ साली आपल्या कथासंग्रहाला 'जेव्हा मी जात चोरली होती' हे नाव दिले. मांसाचे नाव चोरणे हे त्याच चोरीचे घरगुती रूप आहे. भाड्याने खोली मिळविण्यासाठी आणि कार्यालयात चारचौघांत डबा उघडण्यासाठी ही चोरी करावी लागते. करणाऱ्याचा तो गुन्हा नव्हे. त्याला तसे करावे लागते, हा गुन्हा आहे.

मग जे पाकशास्त्राने केले नाही ते आपल्या साहित्याने केले काय? केले आणि नाहीही. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे, शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ चे, बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ चे. या ग्रंथांनी भूक आणि अन्न मराठी साहित्याच्या मध्यभागी आणून ठेवले. मेलेले जनावर ओढण्याची सक्ती, त्याच्या मांसाची वाटणी, त्यातली लाचारी आणि त्या लाचारीतही बायांनी टिकवून ठेवलेला संसार हे सारे मराठी वाचकाला प्रथमच वाचावे लागले. हे ऐतिहासिक कार्य आहे. पण या लेखनात मांस येते ते साक्षीपुराव्यासारखे. ते अन्यायाचा पुरावा म्हणून येते, भुकेची खूण म्हणून येते. पुढे ते आव्हान म्हणूनही आले. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात एप्रिल २०१२ मध्ये विद्यार्थ्यांनी बीफ महोत्सव भरविला, तो या दुसऱ्या जातीचा प्रसंग. पुरावा आणि आव्हान या दोन्ही भूमिका आवश्यक होत्या. तथापि या दोहोंच्या मध्ये एक फार मोठा प्रदेश मोकळा राहिला. तो म्हणजे साधा बुधवार. कोणी अपमान केलेला नाही, मोर्चा निघालेला नाही, बाई कामावरून आली आहे आणि घरात स्वयंपाक व्हायचा आहे. या बुधवारचे मांस आपल्या साहित्यात फारसे शिजलेले नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो आपल्याच घरातून येईल. बाबासाहेबांनी हे सारे सोडायला सांगितले असताना त्याची पाककृती कसली लिहायची? हा आक्षेप गंभीर आहे. विशेषतः ज्या चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्या भूमीत तो हलकेपणाने घेता येत नाही. पण तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी जे सोडायला सांगितले ते मृत जनावराचे मांस. त्या मांसाला गावकीची बेडी जोडलेली होती. मेलेले ढोर ओढायचे आणि त्याबदल्यात त्याचे मांस घ्यायचे, ही देवघेव तोडल्याशिवाय स्वाभिमान उभा राहणार नव्हता. ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथातील. तेथे बाबासाहेब गोमांसाकडे इतिहासकाराच्या दृष्टीने पाहतात. बौद्ध धम्माशी झालेल्या संघर्षात ब्राह्मणांनी गोमांस सोडले, ते इतरांनीही सोडले, आणि वाताहत झालेली माणसे ते खात राहिली म्हणून अस्पृश्य ठरली, असा सिद्धान्त ते मांडतात. म्हणजे ताटातला हा भेद निसर्गाने दिलेला नाही, तो सत्तेच्या लढ्यातून आला. तिसरी गोष्ट स्वतःच्या कमाईने बाजारातून आणलेले ताजे मांस. त्याला गावकी जोडलेली नाही. ते खावे की सोडावे हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. आपल्यातील अनेक बौद्ध कुटुंबांनी धम्माच्या करुणेला अनुसरून मांसाहारच सोडला आहे, त्यांचा मला आदर आहे. करुणेने सोडणे वेगळे आणि शेजारी नाक मुरडतो म्हणून सोडणे वेगळे. पहिल्यात माणूस मोठा होतो. दुसऱ्यात तो पुन्हा महारवाड्यात जाऊन उभा राहतो, फक्त या वेळी महारवाडा त्याच्या मनात असतो.

कायद्याची बाजूही स्पष्ट असावी. १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्याने गाईच्या कत्तलीला बंदी होती. १९९५ साली विधिमंडळाने मंजूर केलेल्या सुधारणेला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि त्या वर्षीच्या मार्चपासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. कत्तलीसाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली, मात्र राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले. म्हशीचे मांस या बंदीत नाही. म्हणून आज आपल्याकडे कायद्याने मिळणारे 'बीफ' म्हणजे म्हशीचे मांस, आणि पुढची चर्चा त्याचीच आहे. म्हातारा बैल विकून नवा घेण्याची भातशेतकऱ्याची वाट या कायद्याने कशी अडविली, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता 'सायीचा'. या शब्दापाशी शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे पुस्तक आठवल्याशिवाय राहत नाही. २०१५ साली ते मराठीत आले आणि २०२४ मध्ये भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. मराठवाड्यातील महार-मांगांच्या स्वयंपाकाचा हा ग्रंथ. त्याचे नावच 'अन्न हे पूर्णब्रह्म' या वचनाला दिलेले उत्तर आहे. ज्या ब्रह्मात आमचे ताट नाही ते पूर्ण कसे? दूध, तूप, तेल यांची चैन नसलेल्या चुलीवर चव कशी उभी राहिली, हे तो दाखवितो. वाळवून टिकविलेल्या मांसाच्या चान्या, रक्ती आणि विशेषतः येसूर. भाजलेले धान्य आणि मसाला दळून केलेले हे पीठ कालवणात पडले की कालवण दाट होते, अंगाला धरते. साय जे काम श्रीमंताच्या पातेल्यात करते ते काम गरिबाच्या पातेल्यात येसूर करीत आला. दाटपणा ही एक कल्पना आहे आणि तिचे एकच साधन नाही. पाककृतीच्या लेखकाला सायीखेरीज दुसरे साधन सुचत नसेल तर ती त्याच्या स्वयंपाकघराची मर्यादा आहे.

पाटोळे यांचे ऋण मान्य करून दोन मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हे पुस्तक मराठवाड्याचे आहे. झाडीपट्टीच्या ताटात भात आहे, लाखोळीची डाळ आहे, जवस आहे, मोहफूल आहे, जंगलातल्या भाज्या आहेत. या ताटाचाही ग्रंथ लिहिला जायला हवा. दुसरी मर्यादा स्वरूपाची आहे. पुस्तकाचे तोंड स्मरणाकडे आहे. जे चालले त्याची नोंद करण्याची तळमळ त्यात आहे, आणि ती योग्यच आहे. पण आज नोकरी करणारी बाई त्याची वाचक म्हणून समोर उभी राहत नाही. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने २००९ मध्ये दलितांच्या अन्नस्मृतींचे संकलन केले, तेही मोलाचे. तेथेही अन्न मुख्यतः आठवणीतच आहे.

याच संदर्भात पास्त्याच्या माहेरी एक फेरी मारणे बोधप्रद होईल. रोम शहरातील टेस्टाचो भागात मोठा कत्तलखाना होता. चांगले मांस वरच्या वर्गाकडे जाई आणि शेपटी, आतडी, काळीज असा उरलेला भाग कामगारांच्या वाट्याला येई. त्याला तेथे 'पाचवा हिस्सा' म्हणतात. त्या कामगारांच्या घरांतून आणि भोवतालच्या खाणावळींतून बैलाच्या शेपटीचे कालवण आले, वासराच्या आतड्यांचा पास्ता आला. आज हे पदार्थ रोमची ओळख म्हणून अभिमानाने वाढले जातात. जनावर तेच, उरलेला हिस्सा तोच, कष्टकऱ्यांचे हातही तसेच. फरक कशाचा? तेथील गरिबाला तो हिस्सा त्याच्या कामामुळे मिळाला, येथे तो जन्मामुळे लादला गेला. तेथे काम सुटले की कलंक सुटतो, पदार्थ राहतो. येथे पदार्थ सुटला तरी कलंक राहतो. ज्यांना जात म्हणजे केवळ गरिबीचे दुसरे नाव वाटते त्यांनी या दोन ताटांची तुलना करावी.

राहिले 'तिखट' आणि 'झटपट'. तिखटाबद्दल विदर्भाला कोणी शिकवू नये, म्हणून ते सोडतो. 'झटपट' हा मात्र खरा वादाचा शब्द आहे. वीस मिनिटांत स्वयंपाक, असे पाककृती सांगते. म्हशीच्या मांसाचे तुकडे वीस मिनिटांत शिजत नाहीत, बहुधा जनावर वयस्क असते. खिमा आणला तरच हे जमते. पाव किलो खिमा कोरड्या कढईत पाणी आटेपर्यंत परतावा, कांदा, आले-लसूण, टोमॅटो, लाल तिखट घालून कुकरच्या तीन-चार शिट्ट्या घ्याव्यात. तोवर दुसऱ्या पातेल्यात खारट पाण्यात पास्ता उकडावा आणि त्याचे पाणी सगळे फेकू नये. या पाण्यात पिष्ट उतरलेले असते, तेच रस दाट करते. येसुराचे हे दूरचे नातलग म्हणावे. साय घालायची तर हे कोमट पाणी तीत कालवून, आच मंद करून, शेवटी घालावी, नाहीतर टोमॅटोच्या आंबटाने ती फाटते. साय नसेल तर चमचाभर भाजलेल्या जवसाची पूड घालावी, तीही रस दाट करते. सारा हिशेब चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा होतो.

ही मिनिटे कोणाची? मांस आणणे, धुणे, भांडी घासणे ही मिनिटे पाककृती धरीत नाही. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'ने २००३ साली नोकरी, शिक्षण, चळवळ आणि घर यांच्या कात्रीत सापडलेली बाई आपल्यापुढे उभी केली. सभेहून रात्री परतणारा कार्यकर्ता समतेवर बोलून आलेला असतो आणि ताट मात्र वाढून मागतो. मांसाचे नाव उघडपणे घेण्याचा हक्क आपण मागतो. तो मागताना कढईसमोर कोण उभे आहे हे पाहिले नाही, तर तो हक्क अर्ध्याच समाजाचा राहील. वरची पाककृती मी मुद्दाम कर्त्याशिवाय लिहिली आहे. तिच्यातील 'परतावा', 'उकडावा', 'घालावी' या क्रियापदांना पुरुष कर्ता लावून पाहावा.

तेव्हा आपल्या लेखकांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे काम स्पष्ट आहे. वेदनेचे अन्न लिहून झाले, विद्रोहाचे अन्न लिहून झाले, दोन्ही पुढेही लिहावे लागेल. पण ज्या समाजाला आपल्या साध्या दिवसाचे जेवण मोकळेपणाने लिहिता येत नाही, त्याचे स्वातंत्र्य अजून सभागृहापुरते आहे. झाडीपट्टीतल्या आयाबहिणींना विचारून, मापासकट, वेळेसकट, मांसाच्या नावासकट, आणि ज्यांनी मांस सोडले त्यांच्या कारणांसकट हे ताट लिहून काढा. महाविद्यालयातल्या मराठीच्या एका वर्गालाही हे एका वर्षात करता येईल. त्यात पास्ता आला तरी बिघडत नाही. ते ताट लिहिताना कोणाला आवाज खाली करावा लागू नये, एवढे पाहा.