सावली नसलेला सूर्य : आभासी सराव आणि ड्रोन-वैमानिक

जर्मन चित्रपटकार हारून फारोकी (१९४४-२०१४) यांची ‘सीरियस गेम्स’ (२००९-१०) ही चार भागांची व्हिडिओ-मांडणी अमेरिकी सैन्यातील आभासी प्रशिक्षणाचा वेध घेते. एका भागात वर्गात बसलेले चार मरीन सैनिक लॅपटॉपवर रणगाडा चालवितात. दुसऱ्या एका भागात तशाच तंत्राने युद्धाच्या मानसिक आघातावर उपचार होताना दिसतात. अखेरच्या भागात फारोकी एक साधा भेद दाखवितात : सरावाच्या चित्रांत सावल्या पडतात, उपचाराच्या स्वस्त चित्रांत कोणाचीच सावली पडत नाही. पैसा कोठे खर्च झाला, यावरून सैन्याचा अग्रक्रम कळतो.

ड्रोन-वैमानिकाच्या प्रशिक्षणालाही हाच निकष लावावयास हवा. रणगाड्यावरील सैनिक सराव संपवून रणभूमीवर उतरतो. ड्रोन-वैमानिकासमोर मात्र प्रत्यक्ष कामगिरीतही पडदाच असतो. आभासी सरावाने त्याचा हात बसतो, चुकीची किंमतही कमी होते. परंतु पडद्यावरील माणूस केव्हापासून खरा झाला, हे तो सराव शिकवीत नाही.

ज्यांच्यावर प्रत्यक्ष मारा झाला त्यांचा आवाज फारोकींच्या मांडणीत नाही, ही तिची मर्यादा होय. तथापि सावलीचा हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षकाने स्वतःला विचारावा, इतका तो मूलभूत आहे.