दयेचा उलटा प्रवास

शब्द झिजतात, तसे ते कधी कधी उलटतातही. ‘दया’ हा शब्द आमच्या मते असाच उलटलेला आहे. आज आपल्या बोलण्यात दया ‘दाखवली’ जाते, दयेची ‘भीक’ मागितली जाते आणि स्वाभिमानी मनुष्य ‘मला कुणाची दया नको’ असे बजावून सांगतो. ज्या गुणाला आपण धर्माचे मूळ म्हणतो, त्याचे नाव निघताच घेणाऱ्याची मान खाली का जावी?

बृहदारण्यक उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात एक आख्यान आहे. देव, मनुष्य आणि असुर हे तिघेही उपदेशासाठी प्रजापतीकडे येतात. तो प्रत्येकाला ‘द’ एवढे एकच अक्षर सांगतो. देव त्यातून इंद्रियदमन घेतात, मनुष्य दान घेतात आणि असुर दया. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, दयेचा पाठ दुर्बळांना दिलेला नाही. तो बलवंतांना, ज्यांच्या हातून इजा होऊ शकते त्यांना दिलेला आहे. हे असुर दूर कोठे शोधावे लागत नाहीत, ते माणसांतच आहेत, असा खुलासा शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात केला आहे. दया हा मुळात सामर्थ्याला घातलेला लगाम होय.

या दृष्टीने आपल्या दोन भाषांतील एक जोडी पाहण्यासारखी आहे. कोंकणीत ‘काकुळट’ म्हणजे दया, करुणा. ती ज्याच्या अंतःकरणात पाझरते त्याची. आजच्या मराठीत मात्र मनुष्य ‘काकुळतीला येतो’ तो विनवण्या करताना. शब्द एकाच घरचा. कोंकणीत तो देणाऱ्यापाशी राहिला, मराठीत मागणाऱ्याच्या पदरी गेला. ‘दया’ शब्दाचेही आपण हेच केले आहे.

कायद्याच्या क्षेत्रातही ही ओढाताण दिसते. राज्यघटनेचे ७२ वे आणि १६१ वे अनुच्छेद राष्ट्रपती व राज्यपाल यांना शिक्षा माफ अथवा सौम्य करण्याचा अधिकार देतात. लोकांच्या तोंडी मात्र ‘दयेचा अर्ज’ हेच नाव बसले. हा अधिकार कुणा व्यक्तीची खाजगी मेहेरबानी नसून घटनेच्या व्यवस्थेचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने केहर सिंग प्रकरणात १९८८ साली मान्य केले. पुढे जानेवारी २०१४ मध्ये, अशा अर्जांच्या निर्णयास झालेला अवाजवी विलंब हे फाशी रद्द करून जन्मठेप देण्यास पुरेसे कारण ठरू शकते, असाही निकाल त्याने दिला. म्हणजे दयेलाही कर्तव्य असते. तिने ताटकळत ठेवू नये.

कुणी म्हणेल, आपण देवापुढे दया मागतोच ना? मागतो, आणि त्यात कमीपणा नाही. कारण गाभाऱ्यासमोर यजमान आणि सेवेकरी दोघेही सारखेच याचक असतात. कमीपणा येतो तो माणूस देवाच्या आसनावर बसून दया वाटू लागला म्हणजे. देवळाच्या झाडलोटकऱ्याचे वेतन वाढवण्याचा प्रश्न सभेपुढे आला आणि ‘दया म्हणून काहीतरी वाढवू’ असे कुणी म्हणाले, तर तेथे शब्दाचा दुरुपयोग झाला असे समजावे. जे देणे लागते ते दया नव्हे. ते न्याय्य देणे होय. दया त्याच्या पलीकडे सुरू होते.

तुकोबांनी दयेचे माप दिले आहे ते याहून कठीण. पोटच्या मुलावर जी माया, तीच घरच्या दासदासींवर करावी, असा त्यांच्या एका प्रसिद्ध अभंगाचा आशय आहे. मुलाला जेवू घालताना आपण ‘दया केली’ म्हणत नाही, आणि तोही उपकार मानून मान खाली घालत नाही. घेणाऱ्याची मान जेथे ताठ राहते, तेथेच हा शब्द खरा वापरला गेला, असे आम्ही समजतो.