नटावरची पांढरी रेघ

अंबाडी नाक्यावर भिवंडी-वाडा रस्त्याला वज्रेश्वरीचा फाटा फुटतो. तिथल्या एका गॅरेजात मी बोल्ट वाचायला शिकलो. स्प्लेंडर मोटारसायकलचं इंजिन चेसिसला धरून ठेवणाऱ्या बोल्टांना मेकॅनिक ‘फाउंडेशन बोल्ट’ म्हणतात. धावत्या गाडीला घराच्या पायाचा शब्द! मला तो फार आवडतो.

मी त्यातल्या एका बोल्टाचा नट पुसायला चिंधी उचलली तसा तिथला मेकॅनिक म्हणाला, “थांबा शेठ, आधी बघा.” नटाच्या कडेला तांबडी भुकटी होती. दोन लोखंडी पृष्ठं एकमेकांवर घासतात, बारीक कण सुटतात आणि गंजतात. नट अजून हाताने हलत नव्हता, पण जोड आतून हलू लागला होता.

तो का हलतो? ९७.२ सीसीच्या त्या एकाच सिलिंडरात, मिनिटाला ४५०० फेरे असताना, पिस्टन सेकंदाला ७५ वेळा वर जाऊन खाली येतो. क्रँकवरचं वजन त्याच्या धक्क्याचा काही भागच झेलतं, उरलेला चेसिसला सोसावा लागतो. त्यात पावसाळ्यातले खड्डे.

आणि इथेच या साध्या वस्तूचं सौंदर्य आहे. बोल्ट ही खुंटी नव्हे, ती स्प्रिंग आहे. नट आवळला की बोल्ट किंचित लांबतो, मूळ लांबीला यायला धडपडतो, आणि त्या ओढीने इंजिनाचा कान चेसिसला दाबून धरतो. धक्के पेलतं ते या दाबातून आलेलं घर्षण. दाब कमी पडला की जोड आडवा सरकतो, आणि प्रत्येक सरकण्यात नट कणभर उलटा फिरतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली हे आडवं सरकणंच मुख्य दोषी असल्याचं दाखवलं. जोड असा आडवा सरकवणाऱ्या चाचण्यांत स्प्रिंग वायसर फारसा टिकत नाही. आत नायलॉनचं कडं असलेला नायलॉक नट गळून पडत नाही खरा, पण गेलेला ताण तो परत आणत नाही.

म्हणून मला त्या मेकॅनिकच्या कामातला क्रम मोलाचा वाटतो. त्याने आधी जोडाखालचा चिखल आणि रंगाचे पोपडे खरवडले, कारण ते चेपले की ताण उतरतो. सगळे बोल्ट हाताने आट्यात बसवले, इंजिन आपल्या जागी येऊ दिलं, मग पाळीपाळीने आवळले. बोटांनी सहज फिरणारा जुना नायलॉक नट बाजूला टाकला. शेवटी टॉर्क रेंच. आट्यांना तेल लावायचं का, असं मी विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. पान्यावरच्या जोरातला सुमारे १० टक्केच बोल्ट ताणण्यात जातो, बाकीचा घर्षणात. तेल लागलं की रेंचच्या त्याच आकड्यावर बोल्ट भलताच ताणला जातो.

मग ब्रशच्या टोकाने त्याने नटावरून चेसिसवर एक पांढरी रेघ ओढली.

आता वज्रेश्वरीहून परतताना नाक्यावर चहाला थांबलो की मी गाडीजवळ उकिडवा बसतो. नटावरची रेघ चेसिसवरच्या रेघेला मिळते का, तेवढं पाहतो.